दोन डिस्कांचे लग्न

सुपात वाल पाखडताना कसा आवाज होतो? आधी सर्रऽऽ, मग क्षणभर थबकून खुळखुळ, आणि पुन्हा सर्रऽऽ! आमच्या पहिल्यावहिल्या संगणकाच्या उदरातून अगदी असाच ध्वनी उमटत असे. हिवाळ्यातली सकाळ, दक्षिणेच्या खिडकीतून तिरपे ऊन टेबलावर उतरलेले, दूर धुक्यातून कर्नाळ्याचा सुळका नुकता डोके वर काढत असलेला, आणि खोलीच्या कोपऱ्यात त्या बदामी रंगाच्या पेटीत कुणी अदृश्य गृहिणी बसून अखंड वाल पाखडते आहे, असे मला वाटे. नव्वदचे दशक उतरणीला लागले होते. पनवेलच्या आमच्या आळीत संगणक असलेले घर आमचे एकट्याचेच, त्यामुळे काहीबाही निमित्त काढून शेजारणी तो आवाज ऐकायला येत. आजचे संगणक मुके झाले आहेत. वेग आहे, पण काम करताहेत की झोपले आहेत ते कळायला मार्ग नाही. मला कामाचा आवाज आवडतो. ज्या घरात काम चाललेले असते, ते घर थोडे वाजतेच.

मी शाळेत संस्कृत शिकवत असे. संस्कृतच्या बाईंनी हाती पेचकस धरून यंत्राची पेटी उघडावी, हे पुष्कळांना विपरीत वाटे. पण माझा स्वभाव मुळात चिकट. एखादी गोष्ट का अडते ते कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. यजमान मुंबईला नोकरीला. ते आल्यागेल्याला सांगत की हिच्या माहेरी कुलूप बिघडले तर कुलूपवाल्याला बोलावत नसत, हिला नुसते समोर बसवत, कुलूप आपोआप शरण येई. हसण्यावारी नेले तरी ते अगदीच खोटे नव्हते. व्याकरणाचे सूत्र उलगडणे आणि यंत्राचा अडथळा उलगडणे यांत असा काय मोठा भेद आहे? दोन्हीकडे एक न दिसणारा नियम असतो, आणि तो आपल्या मर्जीची पर्वा करत नाही.

आमच्याकडे रोज सकाळी भाजी घेऊन चांगुणाबाई येई. ती बेलपाड्याची. डोंगराच्या पायथ्याशी पिकवलेली मेथी, वांगी, वालाच्या शेंगा यांनी भरलेली पाटी डोक्यावरून उतरवून ती उंबऱ्यात टेकली की घरात ओल्या मातीचा वास शिरे. पण भाजी विकणे हा तिचा उद्योग होता, तिची ओळख नव्हे. ती धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारणीवाचून मांडवातले पान हलत नाही. हळद लागताना, नवरीला पाटावर बसवताना, प्रत्येक विधीला ती गाते, आणि त्या गाण्यालाच धवला म्हणतात. देवांना आवतण, मग गावच्या वेशीला, डोंगराला, खाडीला, गेलेल्या वाडवडिलांना आवतण, आणि मग नवरा-नवरीचे कौतुक. हे सारे एका श्वासात बांधल्यासारखे. एकदा सुरू झालेला धवला मध्ये तोडायचा नाही, हा तिचा दंडक. मी एकदाच तिला मांडवात ऐकले होते. तो आवाज गोड नव्हता. तो रुंद होता, नांगरलेल्या शेतासारखा, आणि त्यात सगळ्यांना जागा होती.

त्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी आहे, डॉक्टर म्हणाले, पण कापावी लागेल, आणि नंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असे नाही. चांगुणाबाईने हे मला मेथी निवडता निवडता सांगितले, जणू पाटीतल्या एखाद्या नासक्या वांग्याविषयीच सांगत असावी. मग तिचे हात थांबले. "माजा आवाज जाईल त जाव. पन सुगंधाच्या मांडवान धवला कोन गाईल?" सुगंधा तिची नात, आईवाचून हिच्याच मांडीवर वाढलेली. तिचे लग्न माघात ठरले होते, आणि शस्त्रक्रिया त्याआधी करणे भाग होते. दुसरी धवलारीण मिळाली असती, पण सुगंधाला आजीचाच आवाज हवा होता, आणि खरे सांगायचे तर आजीलाही. चांगुणाबाईच्या मुलाने टेपरेकॉर्डर आणून पाहिला होता. पण कॅसेटची एक बाजू संपते आणि धवला संपत नाही. बाजू उलटायला थांबायचे म्हणजे धवला तुटला! मी तत्काळ बोलून गेले, आमच्या संगणकाला बाजूच नसते, तो तासन्‌तास ऐकू शकतो. बोलणे किती सोपे असते!

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा माईक मुख्याध्यापकांकडून मागून आणला, यंत्राला जोडला, आणि चांगुणाबाईला म्हटले, आधी नुसते काहीतरी बोल. तिने रोजची ललकारी दिली. मेथी घ्या, वांगी घ्या, वालाच्या शेंगा घ्या. मी ती वाजवून दाखवली. पेटीतून आवाज आला, मेथी घ्या, वां… लाच्या शेंगा घ्या. पुन्हा केले. या खेपेला मेथी वाचली, वांगी सबंध गेली. चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. "तुजे मशीननं माजी वांगी खाल्ली, मास्तरीनबाय." तेव्हापासून आमच्या घरात यंत्र अडखळले की वांगी खाल्ली असे म्हणण्याची रीत पडली. हसू आले खरे, पण आतून मी चरकले होते. भाजीच्या ललकारीतले एक वांगे गेले तर चालते. धवल्यातला देव गेला तर?

का खात होते ते वांगी? मी शोध घेऊ लागले, ओळखीच्या जाणकारांना विचारले, मासिके चाळली, आणि हळूहळू उमगले. आमच्या यंत्राची स्मरणशक्ती तोकडी होती. जे डोक्यात मावेना ते यंत्र आपल्या डिस्कवर, म्हणजे माहिती साठवायच्या फिरत्या तबकडीवर, उतरवून ठेवी आणि लागले की पुन्हा उचली. तोच तो वाल पाखडल्याचा आवाज! एकाच डिस्कवर हा सगळा घरपसारा, आणि त्याच डिस्कला सांगायचे की बाई ग, आता आवाजही लिहून घे. ती पसारा आवरायला वळली की तेवढ्यात गाणारीचा शब्द निसटायचा. मला वाटले, हे यंत्राचे नव्हे, आपलेच वर्णन आहे. कुणी जिवाभावाचे बोलत असते आणि आपले मन दुधाच्या पातेल्याकडे, उद्याच्या तासाकडे, विसरलेल्या किल्लीकडे धावते. समोरच्याचे एक वाक्य आपण नेमके तेव्हाच गमावतो, आणि आपल्याला ते कळतही नाही. ऐकणाऱ्याला थोडे रिकामे असावे लागते. म्हणून मी ठरवले की दुसरी डिस्क आणायची, तिच्यावर दुसरे काहीही ठेवायचे नाही, तिने फक्त ऐकायचे.

यजमानांनी ती मुंबईहून टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणली. आणताना एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारले, काय, मिठाई का? तर हे म्हणाले, नाही हो, आमच्या सौभाग्यवतींचा नवा श्रोता. पेटी उघडून मी ती जुन्या डिस्कच्या खालच्या कप्प्यात बसवली आणि तारांच्या ज्या चपट्या पट्टीने जुनी जोडलेली होती, त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नवीही जोडली. अशा जोडणीत एकीला मालक आणि दुसरीला चाकर ठरवावे लागते. डिस्कच्या मागे बारीक खिळे असतात, त्यांतली इवलीशी टोपी या खिळ्यांवरून त्या खिळ्यांवर सरकवली की हा दर्जा बदलतो. ही भाषा मला मुळीच आवडली नाही, पण यजमानांना भारी आवडली. आपल्या घरातली टोपी कुठल्या खिळ्यावर आहे, असे ते दिवसभर विचारत राहिले. एवढा खटाटोप करून ललकारी पुन्हा घेतली, तर काय? वांगी वाचली, पण शेंगांचा लचका गेला!

आता माझी झोप उडायची वेळ आली, पण त्याआधी अक्कल आली. एका पट्टीवर दोघी असल्या तरी बोलणे एका वेळी एकीनेच. दुसरीने ताटकळत उभे राहायचे. एका शेगडीवर दोन जावांचा स्वयंपाक म्हणा ना! भाजी एकीची, आमटी दुसरीची, आणि भांडे उतरायची वाट पाहण्यात निम्मा जीव जातो. पेटीतल्या मोठ्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, दुसऱ्या पट्टीची जागा रिकामीच होती. तिथे एक नवी पट्टी लावून धाकटीला तिची स्वतंत्र वाट दिली. घर तेच, छप्पर तेच, शेगड्या मात्र दोन. चांगुणाबाई आली, तिने ललकारी दिली, आणि पेटीतून मेथी, वांगी, शेंगा, शिवाय मागून ओरडलेला एक कावळासुद्धा जसाच्या तसा बाहेर पडला. मी टाळ्या पिटल्या. वर्गात मुले ज्याला कंटाळतात ते द्विवचन मला नेहमीच प्रिय. एक नाही, अनेक नाहीत, नेमके दोघे, आणि त्या दोघांसाठी भाषेने वेगळे घर बांधून द्यावे, केवढे हे औदार्य! मराठीने ते घर कधीच मोडले. माझ्या टेबलावर मात्र ते पुन्हा उभे राहिले होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, चांगुणाबाई नवे लुगडे नेसून आली. वीज कधी जाते याचा अंदाज घेऊन मी ती वेळ निवडली होती. तिला पाटावर बसवले, माईक समोर धरला, यंत्र सुरू केले. मी खुणेने म्हटले, गा. तिने माईक बाजूला सारला. "लगीन नाय, मांडव नाय, धवला कोनासाठी गावाचा? रिकामा धवला गात नाय, बाय." मी म्हटले, सुगंधासाठी. तर म्हणाली, सुगंधाचे लग्न माघात, आज कुठे आहे? आजचा धवला आजच्या लग्नाचा. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, नियम होता, आणि मघाशी म्हटले तसे नियम आपल्या मर्जीची पर्वा करत नाहीत. मला रडू फुटायच्या बेतात होते. इतके दिवस यंत्राचे अडथळे दूर केले, आणि आता गाणारीच थांबली! उद्या तिचा गळा डॉक्टरांच्या हाती जाणार होता.

काहीतरी बोलायचे म्हणून, किंवा चिडूनच असेल, मी तिला पेटीची उघडी बाजू दाखवली. म्हटले, बघ, तुझ्यासाठी किती उपद्व्याप केलेत, ही जुनी डिस्क, ही नवी आणली, दोघींना वेगळ्या वाटा दिल्या, पण घर एकच. ती वाकून निरखू लागली. कोण आधीपासून इथे? कोण बाहेरून आले? मी सांगितले. तिने दोन कप्प्यांमधल्या पत्र्यावर बोट ठेवले आणि तिचा चेहरा उजळला. "ह्यो आंतरपाट हायच की. मंग ह्यांचाच लगीन लावू. जुनी ती नवरी, घर तिचा. नवा आला तो घरजावई."

तुळशीचे लग्न आपण दरवर्षी लावतो, पिंपळाची मुंज करतो, मग दोन डिस्कांनीच काय घोडे मारले आहे? मी धावत हळदीकुंकू आणले. तिने बोटाच्या टोकाने दोघींच्या धातूच्या पाठीवर हळद टेकवली, आणि माझा जीव खालीवर होत असताना कुंकवाचा एकही कण आत सांडू दिला नाही. अक्षता मात्र मी पेटी बंद करूनच टाकू दिल्या. तांदूळ पत्र्यावर वाजले. पेटीच्या पोटातून सर्रऽऽ असा आवाज आला, आणि चांगुणाबाई म्हणाली की नवरी लाजली. मी माईक पुन्हा तिच्यासमोर ठेवला. मग तिने डोळे मिटले, पदर सावरला आणि धवला उचलला. मी चोरपावलांनी बाहेर आले आणि दार ओढून घेतले.

बाहेर कशाला? तर आवाज राखायला. जिन्यावर उभी राहून मी येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ओठावर ठेवून परतवत होते. धुणेवाली, पोस्टमन, शेजारच्या चाफेकर मावशी, सगळ्यांना मी मुक्याने दटावले. मावशींना वाटले घरात कुणी आजारी आहे, म्हणून त्या पायातल्या वहाणा हातात घेऊन वर गेल्या. आतून धवला लाटांसारखा येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार. वीज गेली नाही. आज इतक्या वर्षांनी मागे पाहते तेव्हा वाटते, त्या जिन्यावर मी जितकी सुखी होते तितकी फार थोड्या ठिकाणी झाले असेन. पण काय गंमत, ज्याच्यासाठी हा सारा अट्टहास, ते गाणे मी स्वतः ऐकलेच नव्हते.

संध्याकाळी यजमान आल्यावर आम्ही दोघे ऐकायला बसलो. रुंद, भरदार आवाज खोलीत पसरला. देव आले, वेस आली, डोंगर आला, खाडी आली, एकही शब्द सांडला नव्हता. मी यजमानांकडे विजयी मुद्रेने पाहिले. आणि धवला नवरीपाशी पोचला, तसा तुटला! क्षणभर काहीच नाही, मग पुढचा शब्द. थोड्या वेळाने नवऱ्यापाशी पुन्हा तसेच. मग परत नवरीपाशी. वांगी खाल्ली होती, आणि तीही नेमकी लग्नाच्या गाभ्यातली! यजमान एरवी कशाचीही थट्टा करतात, त्या वेळी त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पट्ट्या तपासल्या, खिळे तपासले, भाजीची ललकारी लावून पाहिली. सारे ठणठणीत. दोष सापडेना, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झालीही.

मी दवाखान्यात गेले. गळ्याला पट्टी बांधून ती खाटेवर टेकून बसली होती. बोलायला सक्त मनाई. मी सांगितले, धवला मध्येमध्ये तुटला आहे ग, नवरीच्या जागी, नवऱ्याच्या जागी. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे खांदे हसण्याने हलू लागले. नर्सने दटावले. मग तिने हाताने खूण केली, घेऊन ये, लग्नात घेऊन ये. मला वाटले, केवढे हे मन! माझी समजूत घालते आहे. त्या थोरपणाने मी आणखीच हिरमुसले.

माघातल्या त्या दिवशी आमचा संगणक वऱ्हाडी होऊन बेलपाड्याला निघाला. सहा आसनी रिक्षात पेटी माझ्या मांडीवर, पडदा यजमानांच्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही डिस्कांचे क्षेमकुशल विचारत होते. मांडवात बायकांनी पेटीला पाट दिला. आतल्या नवरा-नवरीची गोष्ट चांगुणाबाईने खुणांनीच साऱ्या गावाला सांगितली असावी, कारण जो तो वाकून त्या जोडप्याला पाहत होता. लाउडस्पीकरवाल्याने तार जोडली. सुगंधा हळदीच्या पाटावर बसली. आजी तिच्या शेजारी, गळा पदराने झाकून. मी बटण दाबले.

आवाज मांडवभर उभा राहिला. देव आले, वेस आली, डोंगर आला, खाडी आली. आता ती जागा येणार! मी डोळे मिटून घेतले. नवरी… आणि तो खंड. त्याच क्षणी चांगुणाबाईने हात उंचावला, आणि मांडवातल्या झाडून साऱ्या बायकांनी एका सुरात त्या रिकाम्या जागेत नाव ठेवले, सुगंधा! लगेच पेटीतला आवाज पुढे निघाला, ठरवून थांबल्यासारखा. नवऱ्याच्या जागी नाव आले, गणेश! मी डोळे उघडले. चांगुणाबाई माझ्याकडेच पाहत होती. ती जवळ आली आणि खरखरीत, नव्यानेच उगवू पाहणाऱ्या आवाजात कानाशी म्हणाली, "नाव मांडवान घ्याचा, बाय. तेच्यासाठी जागा सोरलेली मी."

तुटले नव्हते हो काही! सोडले होते. मी भर मांडवात रडले, आणि हसलेही, आणि सुगंधाची हळद कुणीतरी माझ्याही गालाला फासली. घरी येऊन ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, तर त्या रिकाम्या जागांमध्ये चिमण्या चिवचिवत होत्या आणि पंखा संथ फिरत होता. यंत्र अडखळले असते तर चिमण्याही तुटल्या असत्या. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. भीतीने ऐकले की प्रत्येक विराम उणाच वाटतो.

चांगुणाबाईचा आवाज पुढे परतला, थोडा खालच्या पट्टीत, आणि त्या पट्टीतही तिने पुष्कळ लग्ने लावली. आता ती नाही. त्या दोन डिस्का माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत, पाठीवर हळदीचा पुसट ठिपका घेऊन, कधीच्या मुक्या झालेल्या. गेल्या हिवाळ्यात सुगंधाच्या लेकीचे लग्न झाले. कुणीतरी खिशातून फोन काढला आणि डिस्का मुक्या होण्याआधी उतरवून घेतलेला तोच धवला मांडवात उभा राहिला. नवरीची जागा आली. सुगंधाने हात उंचावला, आणि बायकांनी तिथे तिच्या लेकीचे नाव ठेवले. ते नाव विरता विरता, चिमण्यांच्याही तळाशी, मला तो आवाज ऐकू आला. सर्रऽऽ, मग खुळखुळ, आणि पुन्हा सर्रऽऽ. माझी जुनी डिस्क आपला पसारा आवरत होती, आणि तिच्या शेजारी दुसरी कुणी काही न बोलता ऐकत होती.